सत्तरहून अधिक जणांना गेलेला एक ईमेल : मॅनहॅटनच्या तुरुंगातला एक मृत्यू

१० ऑगस्ट २०१९. सकाळी साडेसहाच्या सुमारास न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन करेक्शनल सेंटरमध्ये नाश्ता वाटायला गेलेल्या कर्मचाऱ्यांना जेफ्री एपस्टीन कोठडीत निपचित आढळला. रुग्णालयात त्याला मृत घोषित करण्यात आलं. वय ६६. अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणासाठी मानवी तस्करी केल्याच्या आरोपाखाली तो पाच आठवड्यांपासून तिथे न्यायाधीन बंदी होता. जामीन नाकारला गेला होता, खटला सुरू व्हायचा होता.

या मृत्यूबद्दल जगभर लिहून आणि बोलून झालंय, पण बहुतेकांचा प्रश्न एकच : कोणी मारलं? न्यूयॉर्क शहराच्या मुख्य वैद्यकीय परीक्षकांनी १६ ऑगस्ट २०१९ ला आत्महत्या असा निष्कर्ष दिला. एपस्टीनच्या भावाने नेमलेल्या न्यायवैद्यक तज्ज्ञाने त्यावर शंका घेतली. पुढे एफबीआयला आणि अमेरिकी न्याय विभागाच्या महानिरीक्षकांना त्या निष्कर्षाला छेद देणारं काही सापडलं नाही. जुलै २०२५ मध्ये न्याय विभागाने पुन्हा तेच सांगितलं, सोबत व्हिडिओ दिला, त्यात मध्यरात्रीच्या आसपासचं एक मिनिट दिसेना, आणि कटाच्या चर्चेला नव्याने ऊत आला. इथे आत्महत्या हाच निष्कर्ष धरून पुढे जातो. कसं घडलं त्याचा तपशीलही देणार नाही. तुरुंग चालवणाऱ्यांना त्यातून शिकण्यासारखं काही नाही, आणि वाचणाऱ्यांपैकी एखाद्याला त्याने इजा होऊ शकते.

हे प्रकरण निवडण्याचं कारण त्याची नोंद. महानिरीक्षक मायकल होरोविट्झ यांच्या कार्यालयाने जून २०२३ मध्ये शंभराहून अधिक पानांचा अहवाल प्रसिद्ध केला. कोण कधी कामावर आलं, कोणी कोणता कागद भरला, कोणता दरवाजा कधी उघडला, सगळं त्यात आहे. तुरुंगात एरवी कोणी जीव दिला तर पंचनामा होतो, फाईल होते, चौकशी होते आणि दोन-चार पानांत विषय मिटतो. मरणारा प्रसिद्ध होता म्हणून तुरुंगाची रोजची राहणी एकदाची उजेडात आली. ती वाचताना सारखं जाणवत राहतं की त्या इमारतीत नियमांना तोटा नव्हता.

पहिला इशारा

मेट्रोपॉलिटन करेक्शनल सेंटर १९७५ मध्ये खालच्या मॅनहॅटनमध्ये न्यायालयांच्या शेजारी उभं राहिलं. बाहेरून ओळखूही न येणारी बारा मजली इमारत. मेक्सिकन ड्रग माफिया ‘एल चापो’ही खटला चालेपर्यंत तिथेच होता. एपस्टीनला ठेवलं होतं ते ‘स्पेशल हाउसिंग युनिट’मध्ये. इतर बंद्यांपासून वेगळं ठेवायचे ते लोक तिथे असतात, कोणाला शिक्षा म्हणून, कोणाला त्याच्याच सुरक्षेसाठी. आपल्याकडे ज्याला साध्या भाषेत ‘अलग ठेवलंय’ म्हणतात, तसं. दिवसाचा बहुतेक वेळ माणूस कोठडीत बंद. एपस्टीनला यातून एक पळवाट होती. तो रोज तासन् तास वकिलांसोबत भेटीच्या खोलीत बसायचा. म्हणजे दिवसा माणसांच्या गराड्यात आणि रात्री चार भिंतींत.

२३ जुलैच्या पहाटे तो कोठडीत जखमी अवस्थेत सापडला, गळ्यावर खुणा होत्या. सोबतच्या बंद्याने हल्ला केला असं तो आधी म्हणाला, नंतर काही आठवत नाही म्हणाला. तुरुंगाने धोका ओळखून त्याला ‘सुसाइड वॉच’वर ठेवलं. सुसाइड वॉच म्हणजे अखंड नजर. एक माणूस सतत समोर बसलेला, ठराविक अंतराने नोंद, अंगावर फाडता न येणारा जाड झगा, कोठडीत जवळजवळ काहीच नाही. हा पहारा सुमारे ३१ तास चालला. त्यानंतर ३० जुलैपर्यंत थोडं सैल असं ‘मानसशास्त्रीय निरीक्षण’.

इतक्या लवकर पहारा का काढला, असं अनेकांनी विचारलं. मला त्याचं तितकं आश्चर्य वाटत नाही. सुसाइड वॉच ही राहण्याची जागा नाही. झोप नाही, पुस्तक नाही, अंगावर स्वतःचे कपडे नाहीत, दिवे चालू. तिथून सुटायचं तर मानसशास्त्रज्ञाला सांगायचं, मी ठीक आहे. एपस्टीनने तेच वारंवार सांगितलं. जीव देण्याचा विचारही नाही, असं. बंदी खरं बोलला तर त्याच्या वाट्याला आणखी कठोर कोठडी येते आणि खोटं बोलला तर थोडी मोकळीक. अशी रचना असेल तर उत्तरावर किती भरवसा ठेवायचा? म्हणून तर बंद्याच्या शब्दापलीकडचं काहीतरी संरक्षण लागतं.

इथे मानसशास्त्र विभागाने ते दिलंही. ३० जुलैला त्यांनी सत्तरहून अधिक कर्मचाऱ्यांना ईमेल पाठवला : एपस्टीनला योग्य सोबती असलेल्या कोठडीतच ठेवायचं. एकटं ठेवायचं नाही. उपाय साधा आणि स्वस्त होता, आणि परिणामकारकही. कोठडीत दुसरा माणूस असला की तो ओरडू शकतो, दार वाजवू शकतो. शिवाय कोणी बघतंय म्हणून हात थांबतो, तो भाग वेगळाच.

ईमेल सत्तर जणांना गेला. त्या सत्तरांत ‘सोबती गेला तर नवा कोण आणि कधी देणार’ हे काम कोणा एका ठराविक माणसावर सोपवलेलं नव्हतं. माझ्या मते या प्रकरणाची मेख इथेच आहे. पुढचं सगळं त्याचे परिणाम आहेत.

९ ऑगस्ट

सोबतीच्या बदलीची सूचना तुरुंगाला आदल्या दिवशी, ८ ऑगस्टलाच, मिळाली होती. ९ तारखेला सकाळी तो सामानसुमान घेऊन न्यायालयात गेला आणि परतला नाही. त्याला दुसऱ्या ठिकाणी हलवण्यात आलं होतं. अनेक कर्मचाऱ्यांना हे ठाऊक होतं. कोणी कोणाला सांगितलं, पुढच्या शिफ्टला निरोप गेला की नाही, यावर चौकशीत वेगवेगळे जबाब आले. नवा सोबती दिला गेला नाही एवढंच निर्विवाद.

त्याच दिवशी न्यायालयाच्या आदेशाने एका जुन्या दिवाणी दाव्यातली सुमारे २,००० पानं खुली झाली. त्यात एपस्टीनबद्दलचे जबाब होते. दिवसभर बातम्यांत तेच. आदल्या दिवशी, ८ ऑगस्टला, त्याने नव्या मृत्युपत्रावर सही केली होती. ९ च्या संध्याकाळी त्याने एक फोन मागितला, आईशी बोलायचं म्हणून. त्याची आई आधीच वारलेली होती. फोन दिला गेला, तो रेकॉर्डही झाला नाही आणि कोणी ऐकलाही नाही. नियमाने दोन्ही व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात त्याने जवळच्या एका व्यक्तीशी बोलून घेतलं.

या सगळ्या गोष्टी एकत्र मांडल्या की प्रशिक्षण नसलेल्या माणसालाही शंका येईल. पण त्या एकत्र कोणापुढे आल्याच नाहीत. मृत्युपत्राची गोष्ट वकिलांना ठाऊक होती, बदलीची कोठडी विभागाला, फोनची एका अधिकाऱ्याला आणि जुन्या इशाऱ्याची मानसशास्त्र विभागाला. बातमी तर टीव्हीवर सगळ्यांनाच दिसत होती. शिफ्ट बदलताना पाच मिनिटं उभं राहून ‘आज कोणाचं काय बदललं’ एवढं बोलायची सक्तीची पद्धत असती तर, सोबती गेलाय आणि ईमेलमध्ये एकटं ठेवू नका म्हटलंय, या दोन गोष्टी तरी एका टेबलावर आल्या असत्या.

आठच्या सुमारास त्याला कोठडीत एकटं बंद करण्यात आलं. कोठडीत नियमापेक्षा जास्त चादरी आणि कापड होतं. दोन आठवड्यांपूर्वीचा प्रसंग लक्षात घेता ते तिथे असायलाच नको होतं. नियमित झडती झाली असती तर ते आधीच बाहेर गेलं असतं.

कागदावरच्या फेऱ्या

त्या विभागात दर अर्ध्या तासाने प्रत्येक कोठडीसमोरून फेरी मारायची असते, तीही अनियमित अंतराने, म्हणजे बंद्याला वेळ हेरता येऊ नये. शिवाय दिवसातून ठराविक वेळी गिनती. ९ तारखेला संध्याकाळी चारची गिनती झाली नाही, रात्री दहाची झाली नाही, मध्यरात्रीची नाही, पहाटे तीनची नाही आणि पाचचीही नाही. कागदावर मात्र सगळ्या झाल्या. रात्री पावणेअकरानंतर सकाळी साडेसहापर्यंत एपस्टीनच्या ओळीत कोणी पाऊल टाकलं नाही.

एक बारीक तपशील मला फार बोलका वाटतो. त्या रात्रीच्या गिनतीच्या चिठ्ठीत विभागात प्रत्यक्ष होते त्यापेक्षा एक बंदी जास्त लिहिलेला होता. एकाला दुसरीकडे हलवलं होतं, कागदाला त्याची खबरच नव्हती. माणसं मोजली असती तर आकडा लगेच चुकला असता. आकडा चुकला नाही, कारण कोणी मोजलंच नाही. आधीच्या चिठ्ठीवरून पुढची भरली गेली. आणि वर कंट्रोल रूममध्ये बेरीज जुळत गेली.

ज्या दोन कर्मचाऱ्यांची रात्रपाळी होती ते त्याच्या कोठडीपासून सुमारे १५ फुटांवर टेबलाशी बसले होते. आरोपपत्रानुसार त्यातला काही वेळ ते इंटरनेटवर फर्निचर, मोटरसायकली आणि खेळाच्या बातम्या बघत होते. जवळपास दोन तास दोघंही झोपलेले दिसतात. पंच्याहत्तरहून अधिक खोट्या नोंदी झाल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये दोघांवर गुन्हा दाखल झाला. मे २०२१ मध्ये त्यांनी खोट्या नोंदी केल्याचं मान्य केलं, १०० तासांच्या समाजसेवेच्या अटीवर खटला पुढे ढकलला गेला आणि शेवटी काढून घेण्यात आला. तुरुंगातल्या इतर काहींनीही खोट्या नोंदी केल्याचं महानिरीक्षकांना आढळलं होतं. त्यांच्यावर खटला भरायला सरकारी वकिलांनी नकार दिला.

दोघांपैकी एकाची नेमणूक त्या वेळी मुळात पहाऱ्याच्या पदावर नव्हती. अमेरिकी केंद्रीय तुरुंगांत माणसं कमी पडली की शिक्षक, स्वयंपाकी, कोठारातले कामगार, नर्स यांना पहाऱ्यावर उभं करतात. सगळ्यांचं मूळ प्रशिक्षण एकच, असं म्हणून. दोघंही जादा तास करत होते, एकाला ते सक्तीने लादलेले होते. ज्या संस्थेत सोळा-सोळा तास काम ही सवय झालीय तिथे अर्ध्या तासाची फेरी सगळ्यात आधी कागदावर जाते. यात दोघांची जबाबदारी कमी होत नाही. पण त्या दोघांना काढून त्याच पाळीवर दुसरे दोन थकलेले बसवले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल विल्यम बार यांनी हे सगळं म्हणजे चुकांचं एकाच वेळी जुळून आलेलं वादळ असल्याचं म्हटलं. मला ते पटत नाही. वादळ बाहेरून येतं. इथली प्रत्येक चूक त्या तुरुंगात आधीपासून रोज होत असणार. त्या रात्री फक्त सगळ्या एकाच कोठडीसमोर येऊन थांबल्या.

कॅमेरे

कॅमेऱ्यांची गोष्ट थोडक्यात. २९ जुलैपासून तुरुंगाच्या जवळपास निम्म्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग बंद होतं. बिघाड ८ ऑगस्टला लक्षात आला, तरी १० च्या सकाळपर्यंत दुरुस्ती झालेली नव्हती. कटवाल्यांचं सगळं भांडवल या बिघाडावर उभं आहे. पण त्या कॅमेऱ्यांवरचं थेट चित्र दिसत होतं. रेकॉर्डिंग असतं तर आपल्याला नंतर सगळं कळलं असतं. माणूस वाचवायचा तर त्या क्षणी कोणीतरी पडद्याकडे बघायला हवं होतं, आणि पडदा बघणारा दोन हजार कॅमेरे बसवून मिळत नाही. आपल्याकडे कोठडीतल्या प्रत्येक मृत्यूनंतर पहिली घोषणा सीसीटीव्हीची होते, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवायला सांगितलं. छळ रोखायला ते हवेतच. आत्महत्या रोखणं हे वेगळं काम आहे.

ज्यांचा खटला मेला

‘असल्या माणसाला वाचवायचं कशाला?’ हा प्रश्न मला चर्चांमध्ये दर वेळी ऐकू येतो, आणि विचारणारे वाईट लोक नसतात. त्याचं उत्तर २७ ऑगस्ट २०१९ ला न्यूयॉर्कच्या न्यायालयात मिळालं. आरोपी मेल्यामुळे सरकारी पक्षाला खटला मागे घ्यायचा होता. न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी तो कागदोपत्री बंद न करता पीडितांना बोलायला बोलावलं. दोन डझनांच्या आसपास महिलांचं म्हणणं त्या दिवशी मांडलं गेलं, काहींनी स्वतः, काहींच्या वतीने वकिलांनी. त्याने आम्हाला न्यायालयात समोरासमोर येण्याची संधीही मिळू दिली नाही, हा सूर पुन्हा पुन्हा येत होता. २००८ मध्ये फ्लोरिडात सरकारी वकिलांनी एपस्टीनशी केलेल्या सौम्य तडजोडीनंतर अकरा वर्षांनी त्यांना हा खटला मिळाला होता. एका रात्रीच्या न झालेल्या फेऱ्यांनी तो हिसकावून घेतला.

न्यायाधीन बंद्याचा जीव ही तुरुंगाकडे ठेवायला दिलेली वस्तू आहे, आणि ती न्यायालयाची आहे. आरोपी निर्दोष असेल तरी ती सांभाळायची, आणि नराधम असेल तर पीडितांच्या वतीने अधिकच सांभाळायची.

मग उलटं टोक

जुलै २०२० मध्ये एपस्टीनची सहकारी गिलेन मॅक्सवेल अटकेत आली आणि ब्रुकलिनच्या केंद्रीय तुरुंगात गेली. तिथे रात्रभर दर पंधरा मिनिटांनी तिच्या कोठडीत टॉर्च मारून ती श्वास घेतेय का ते पाहिलं जायचं. डोळ्यांवर काहीतरी बांधून झोपावं लागतं, खटल्याची तयारी करायला डोकं शाबूत राहत नाही, अशी तक्रार तिच्या वकिलांनी न्यायालयात केली. तिच्याबाबत आत्महत्येचा धोका मानसशास्त्रज्ञांनी नोंदवलेला नव्हता. तुरुंग स्वतःची कातडी वाचवत होता.

एका इमारतीत पावणेआठ तास कोणी फिरकलं नाही, दुसरीत दर पंधरा मिनिटांनी उजेड. दोन्ही ठिकाणी पहारा होता. बंद्याशी बोलणारं माणूस कुठेच नव्हतं. पंधरा मिनिटांच्या मध्ये चौदा मिनिटं असतात, हे तुरुंगात जीव देऊ पाहणाऱ्याला कळतं. आणि झोप मोडलेल्या माणसाचं मन सुधारत नाही, बिघडतं. ब्रिटनमध्ये १९९१ मध्ये स्वान्सीच्या तुरुंगात वेगळी गोष्ट सुरू झाली : सॅमॅरिटन्स या संस्थेने काही बंद्यांनाच ऐकून घेण्याचं प्रशिक्षण दिलं. त्यांना ‘लिसनर’ म्हणतात. रात्री कोणाला बोलावंसं वाटलं तर लिसनर मागवता येतो, आणि बोललेलं बाहेर जात नाही. खरं बोललं की शिक्षेसारखी कोठडी मिळते, हा वर सांगितलेला पेच त्यातून थोडा तरी सुटतो, कारण लिसनरला खरं सांगितलं म्हणून कोणी अंगावरचे कपडे काढून घेत नाही.

एकट्या एपस्टीनपुरतं नाही

महानिरीक्षकांच्याच कार्यालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आणखी एक अहवाल दिला. २०१४ ते २०२१ या आर्थिक वर्षांत अमेरिकी केंद्रीय तुरुंगांत झालेले ३४४ मृत्यू त्यांनी तपासले. १८७ आत्महत्या, ८९ खून, ५६ अपघाती, १२ कारण न कळलेले. आत्महत्यांपैकी निम्म्याहून अधिक एकट्याच्या कोठडीत. धोका ओळखण्यात चूक, विभागाविभागांत निरोप न पोचणं, अपुऱ्या फेऱ्या, कोठडीत नको त्या वस्तू : २०१९ च्या त्या रात्रीची यादी जशीच्या तशी, फक्त नावं कोणाला माहीत नसलेली.

२०२३ च्या अहवालात ब्यूरो ऑफ प्रिझन्सला, म्हणजे केंद्रीय तुरुंग चालवणाऱ्या खात्याला, आठ शिफारशी होत्या आणि ब्यूरोने त्या मान्य केल्या. पहाऱ्यावरून काढलेल्या बंद्याला सोबती मिळण्याची पक्की पद्धत आणि फेऱ्या-गिनती खरोखर झाल्या का हे वरिष्ठांनी पडताळणं, या दोन मला सगळ्यात कामाच्या वाटतात. दुसरीत माझी एक जोड आहे. नोंद लिहिणारा आणि ती खरी आहे असं म्हणणारा एकच माणूस असू नये. आठवड्यातून एकदा पर्यवेक्षकाने कुठल्याही एका रात्रीचं अर्ध्या तासाचं चित्रीकरण काढावं आणि रजिस्टरशी ताडून पाहावं. खर्च शून्य. आज आपलं रजिस्टर बघितलं जाऊ शकतं, एवढी जाणीव पुरते.

आपल्या बराकीत

भारतात चित्र उलटं दिसतं. इथे एकटेपणापेक्षा गर्दी जास्त आहे. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात क्षमतेच्या तिप्पट-चौपट बंदी ही नेहमीची बाब. मग एवढ्या माणसांत कोणी जीव कसा देईल? देतात. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती अमिताव रॉय समितीनुसार २०१७ ते २०२१ या काळात देशातल्या तुरुंगांत ८१७ अनैसर्गिक मृत्यू झाले आणि त्यातल्या ६६० आत्महत्या होत्या. त्याआधी, सप्टेंबर २०१७ च्या निकालात न्यायमूर्ती मदन लोकूर यांनी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचा दाखला देत लिहिलं होतं की बाहेर लाखामागे ११ आत्महत्या होतात आणि तुरुंगात १६.९. म्हणजे अंगाला अंग लागून झोपणारी माणसं ही सोबत नव्हे. दीडशे जणांच्या बराकीत नव्याने आलेला, पहिल्यांदाच अटक झालेला, घरच्यांनी मुलाखतीला, म्हणजे तुरुंगातल्या भेटीला, यायचं नाकारलेला माणूस त्या गर्दीत सगळ्यात एकटा असतो. मॅनहॅटनमध्ये सोबती नव्हता म्हणून घात झाला. इथे शंभर सोबती असून त्यातला एकही ‘याच्याकडे लक्ष ठेव’ असं सांगितलेला नसतो.

सांगायची सोय मात्र इथे आहे. चांगल्या वर्तणुकीच्या सिद्धदोष बंद्यांना रात्रपहाऱ्याचं काम देण्याची पद्धत १८९४ च्या कारागृह कायद्यापासून चालत आली आहे. आज त्यांचं काम भांडणं आणि पळून जाणं यांवर नजर ठेवण्याचं. मानवी हक्क आयोगाने जून २०२३ मध्ये राज्यांना पाठवलेल्या सूचनांत निवडक बंद्यांना धोका ओळखायचं प्रशिक्षण देण्याचं सुचवलंय. ते या रात्रपहारेकऱ्यांपासून सुरू करता येईल : कोण जेवत नाही, कोणी अचानक आपल्या वस्तू वाटून टाकल्या, कोणाचा जामीन आज फेटाळला, कोणाची बायको मुलाखतीत काय बोलून गेली. बराकीत हे सगळ्यांना कळतं. तुरुंगाधिकाऱ्याला कळत नाही, कारण त्याला कोणी विचारलेलं नसतं आणि कोणी सांगितलं तर त्याची गणना ‘मुखबिर’ म्हणून होते. म्हणून ऐकणारा बंदी आणि खबर देणारा बंदी हे वेगळे ठेवायला हवेत, नाहीतर पहिल्या आठवड्यात योजना मरेल.

पाचशे बंद्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक हे २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीतलं प्रमाण. ते भरलं तरी तो एकटा काय करणार? त्याचा ईमेल कोणाकडे जाणार, हा प्रश्न इथेही तसाच उभा राहतो. न्यायालयातून परत आलेल्या बंद्याच्या वॉरंटवर जामीन फेटाळल्याचा शेरा असतो. तो कागद गेटवर घेतला जातो आणि फाईलला लागतो. त्याच संध्याकाळी तो शेरा बराकीच्या पाळीवर असलेल्या शिपायापर्यंत पोचवायचं काम एका हुद्द्याच्या नावावर लिहून दिलं, नेमक्या माणसाच्या सहीसकट, तर कुठल्याही नव्या बांधकामाआधी फरक दिसेल असं मला वाटतं. महाराष्ट्रातल्या कारागृहांत मुलांना बंदी आई-वडिलांना भेटता यावं म्हणून ‘गळाभेट’ होते, बंद्यांना फोनची सोयही आहे. या गोष्टी आपण कल्याणकारी म्हणून मोजतो. खरं तर त्या सुरक्षेच्या खात्यात मोजायला हव्यात, आणि गळाभेटीत ज्याच्याकडे कोणीच आलं नाही त्याचं नाव त्या रात्री कोणाच्या तरी यादीत असायला हवं. बाहेर असलेल्या कुटुंबाचीही तशीच गत असते. त्यांच्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं.

रॉय समितीने आत्महत्या रोखणाऱ्या रचनेच्या बराकी बांधायलाही सांगितलंय. नव्या तुरुंगांत त्या जरूर व्हाव्यात. पण बांधकामाला निविदा निघते, पैसा मंजूर होतो, फीत कापता येते. शिफ्ट बदलतानाच्या पाच मिनिटांच्या बोलण्यात यातलं काहीच नसतं, म्हणून ते कोणत्याच अर्थसंकल्पात येत नाही.

मॅनहॅटनचा तो तुरुंग २०२१ मध्ये बंद करण्यात आला. इमारत मोडकळीला आलीय, राहण्यालायक नाही, असं कारण होतं. बहुतेक बंदी ब्रुकलिनच्या तुरुंगात गेले. जानेवारी २०२४ मध्ये न्यायाधीश जेसी फरमन यांनी एका दोषी ठरलेल्या आरोपीला तिथे पाठवायला नकार दिला. आपल्या आदेशात त्यांनी तिथली परिस्थिती तपशिलात नोंदवली : माणसं नसल्यामुळे वारंवार कोठड्या बंद, उपचारांना उशीर, आणि मंजूर मनुष्यबळाच्या निम्म्याहून थोडेच अधिक लोक कामावर.